मोलियर चार्ट तर माहितीये, पण हा मोलियर होता कोण?

मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेल्या मित्रासमोर मोलियर चार्टचं नाव काढा, त्याला परीक्षा आठवेल. पण हा मोलियर कोण, हे सांगणारा क्वचितच भेटतो.

रिचर्ड मोलियर यांचा जन्म १८६३ चा, ट्रिएस्टेचा. हे बंदर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज इटलीत आहे. शिक्षण ग्राझ आणि म्युनिकला झालं. १८९७ मध्ये ते जर्मनीत ड्रेस्डेनला प्राध्यापक झाले, तेही गुस्ताव्ह झॉयनर यांच्यासारख्या दिग्गजाच्या जागी.

तेव्हा इंजिनिअर लोकांची एक डोकेदुखी होती. मशीनमध्ये किती उष्णता आली-गेली हे काढायला आलेखावरचं क्षेत्रफळ मोजावं लागायचं. १९०४ मध्ये मोलियर यांनी आलेखाच्या एका अक्षावर थेट एन्थाल्पी ठेवली. एन्थाल्पी म्हणजे, सोप्या भाषेत, एक किलो पदार्थातल्या ऊर्जेचा हिशेब. झालं! क्षेत्रफळाचं काम पट्टीवर आलं.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्या एसीशी काय संबंध?

एसी-फ्रीजच्या गॅसचा चार्ट याच कल्पनेवर चालतो. उभा अक्ष दाबाचा, आडवा एन्थाल्पीचा. मधे घुमटासारखी रेषा. घुमटाच्या आत द्रव आणि वाफ एकत्र, उजवीकडे फक्त वाफ, डावीकडे फक्त द्रव. हा डावा भाग म्हणजे सबकूल्ड लिक्विड. इथे तापमानाच्या रेषा जवळपास सरळ उभ्या असतात, कारण द्रवाची एन्थाल्पी दाबाने फारशी बदलत नाही, तापमानाने बदलते.

उदाहरण घ्या. आर-१३४ए गॅस कंडेन्सरमध्ये ४० अंशांना द्रव झाला, तेव्हा एन्थाल्पी सुमारे २५६. तो ३० अंशांपर्यंत थंड केला की सुमारे २४२. म्हणजे किलोमागे १४-१५ किलोज्यूल जास्तीची थंडी. इव्हॅपोरेटर शून्य अंशांवर असेल, तर ही वाढ साधारण १० टक्के भरते. उलट, सबकूलिंग पुरेसं नसेल तर द्रवात वाटेतच बुडबुडे होतात आणि खोली नीट गार होत नाही.

१९२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत ठरलं, की एन्थाल्पीचा अक्ष असलेल्या आलेखांना मोलियर यांचं नाव द्यायचं. त्याच वर्षी त्यांनी दमट हवेचाही आलेख दिला. १९३५ मध्ये ड्रेस्डेनलाच त्यांचं निधन झालं.

त्यांनी नवं मशीन बनवलं नाही. फक्त अक्ष बदलला, आणि उष्णता पट्टीने मोजता येऊ लागली.