रांगेचं गणित मांडणारा माणूस

ई अँड टीसीच्या पोरांना 'एर्लांग' म्हणजे टेलिफोन ट्रॅफिक मोजायचं युनिट, पेपरात दोन मार्कांना येणारं. पण त्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता.

आग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या एका खेड्यात झाला. वडील शाळामास्तर. कोपनहेगन विद्यापीठातून १९०१ साली गणिताची पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षं शाळेत शिकवलं आणि १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरी धरली.

तिथला प्रश्न दिसायला सोपा, पण होता भारी. फोन करणारे हजारो, लाइनी मोजक्या. जास्त टाकल्या तर कंपनी बुडणार, कमी टाकल्या तर लोक बोंबलणार. मग नेमक्या किती? कोण कधी फोन करेल सांगता येत नाही, तरी अशा कॉल्सचं येणं पॉयसनच्या गणितात बसतं, हे त्यांनी १९०९ साली दाखवलं. १९१७ साली लाइनींचं सूत्र दिलं. समजा ट्रॅफिक १ एर्लांग आहे, म्हणजे सरासरी एक लाइन भरेल एवढा, आणि एंगेज लागला की माणूस नाद सोडतो. १ लाइन असेल तर निम्मे कॉल परत जातात, २ असतील तर पाचातला १, ३ असतील तर सोळातला १!

आज हाच प्रश्न आपल्या प्रोजेक्टच्या टेबलावर आलाय. सेन्सर नोडला बॅटरी चिमुकली, प्रोसेसर एक, रेडिओ चॅनेल सगळ्यांत मिळून एकच. रेडिओ बॅटरी खातो म्हणून नोडला बराच वेळ झोपवून ठेवायचं, आणि मोजणं, हिशेब, पाठवणं ही कामं रांगेत. कारखान्यातल्या तापमानाचं एखादं रीडिंग हुकलं तर चालेल, गॅसगळतीचा इशारा हुकला तर माणसं मरतील. म्हणून रांगेत पुढे कोण, हे आधीच ठरवावं लागतं. ठरावीक वेळाने येणाऱ्या कामांना एर्लांगचं सूत्र जसंच्या तसं लागत नाही, पण विचार तोच.

एर्लांग ३ फेब्रुवारी १९२९ रोजी ५१व्या वर्षी गेले. लग्न केलं नव्हतं. युनिटला त्यांचं नाव मिळालं १९४६ साली, ते बघायला ते नव्हते.

मला त्यांचा एक गुण फार आवडतो. सगळ्यांना सगळं पुरणार नाही हे त्यांनी सरळ मान्य केलं, आणि किती जणांना नकार मिळेल ते आधीच मोजून ठेवलं. मित्रांनो, पुढच्या वेळी ते दोन मार्क लिहिताना एवढं आठवा.