मारिया एजवर्थ

मारिया एजवर्थ (१ जानेवारी १७६८ – २२ मे १८४९) या इंग्रजी भाषेत लिहिणाऱ्या अँग्लो-आयरिश कादंबरीकार व बालसाहित्यकार होत्या. आयर्लंडमधील लाँगफर्ड परगण्यातील एजवर्थस्टाउन हे लहानसे गाव त्यांची कर्मभूमी होय. गावाला हे नाव त्यांच्याच जमीनदार घराण्यावरून मिळाले.

मारियांचा जन्म इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर येथे झाला. १७८२ मध्ये त्या वडिलांसोबत एजवर्थस्टाउनला आल्या. वडील रिचर्ड लव्हेल एजवर्थ हे संशोधक होते. चार विवाहांतून त्यांना २२ अपत्ये झाली. धाकट्या भावंडांना शिकविणे, खंडाचे हिशेब ठेवणे आणि कुळांची गाऱ्हाणी ऐकणे ही कामे मारियांकडे आली. जमीनदारी व्यवहाराची आणि कुळांच्या बोलीची त्यांची जाण या कामातूनच घडली. १७९८ च्या उठावात कुटुंबाला लाँगफर्ड शहरात आश्रय घ्यावा लागला. तेथे वडिलांवर फितुरीचा संशय घेऊन स्वधर्मीय प्रोटेस्टंट जमावानेच त्यांच्यावर हल्ला केला. बंडखोरांनी मात्र गावातील त्यांच्या घराला धक्का लावला नाही.

१८०० मध्ये ‘कॅसल रॅकरेंट’ ही कादंबरी लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. उधळपट्टी, दारू व कोर्टकज्जे यांत बुडालेल्या चार जमीनदारांची कथा त्यांचा वृद्ध नोकर थॅडी सांगतो. एजवर्थांच्या घरचा कारभारी जॉन लँगन याच्या बोलण्यावरून हे पात्र बेतले होते. मालकांवरील निष्ठेने बोलता बोलता थॅडी नकळत त्यांचेच वाभाडे काढतो. स्वतः जमीनदार घरातील लेखिकेने आपल्या वर्गाची अधोगती नोकराच्या तोंडून वदवावी, हे या कादंबरीचे बळ आहे. वडिलांचा हात न फिरलेली ही कृती नंतरच्या बोधपर लेखनापेक्षा अधिक जिवंत वाटते. इंग्रजीतील पहिली प्रादेशिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख अनेकदा होतो. ‘द ॲबसेंटी’ (१८१२) मध्ये लंडनमध्ये राहून खंडाचा पैसा उडविणाऱ्या मालकांवर टीका आहे. वॉल्टर स्कॉट यांनी ‘वेव्हर्ली’मध्ये मारियांचे ऋण मान्य केले, १८२५ मध्ये ते एजवर्थस्टाउनला येऊन गेले.

मारिया अविवाहित राहिल्या. बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे १८४५ पासून दुष्काळ पडला, तेव्हा वयाच्या ऐंशीच्या सुमारास त्यांनी गावासाठी मदत गोळा केली. ‘ऑर्लँडिनो’ (१८४८) ही बालकथा त्याच मदतीसाठी लिहिली. दुष्काळ सरण्यापूर्वीच गावी त्यांचे निधन झाले. सेंट जॉन चर्चच्या आवारात त्यांचे दफन आहे. ऑस्कर वाइल्ड यांची बालवयात वारलेली बहीण आयसोला हिलाही १८६७ मध्ये तेथेच पुरले गेले.