आरसा घासणारा ऑर्गनवादक

इंग्लंडमधील बाथ या देखण्या गावात न्यू किंग स्ट्रीटवर १९ क्रमांकाचे एक साधे घर आहे. आज तिथे संग्रहालय आहे. मागे छोटीशी बाग, खाली तळघर. त्या बागेतून १३ मार्च १७८१ च्या रात्री विल्यम हर्शेल नावाच्या संगीतशिक्षकाने एक नवा ग्रह शोधला. हजारो वर्षे माणसाला शनीपर्यंतचेच ग्रह ठाऊक होते. त्या एका रात्रीने सूर्यमालेची हद्द जवळजवळ दुप्पट झाली. ज्या दुर्बिणीतून हे घडले ती कोणत्याही दुकानातून आलेली नव्हती. हर्शेलने ती स्वतःच्या हाताने बनवली होती.

दुर्बीण विकत घ्यावी की घरी बनवावी, असे मला अनेक पालक विचारतात. मला या माणसाचे आयुष्य हेच त्याचे सर्वात प्रामाणिक उत्तर वाटते, कारण त्यात नफा आणि तोटा दोन्ही आहेत.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. मुलगाही त्याच बँडमध्ये लागला. पुढे युद्धाच्या धामधुमीत १७५७ साली तो इंग्लंडला आला आणि वाद्ये वाजवून, शिकवण्या करून पोट भरू लागला. १७६६ मध्ये बाथच्या ऑक्टॅगन चॅपलमध्ये त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली. १७७२ साली त्याने धाकटी बहीण कॅरोलाइन हिला हॅनोव्हरहून आणले. आईच्या लेखी ही मुलगी म्हणजे घरकामाचे माणूस. तिच्या जागी नोकर ठेवण्यासाठी पैसे देण्याचे कबूल करून भावाने तिची सुटका केली आणि तिला गाणे शिकवायला सुरुवात केली.

संगीतशास्त्र वाचता वाचता हर्शेल प्रकाशशास्त्राच्या आणि तिथून खगोलशास्त्राच्या पुस्तकांकडे वळला. आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. १७७३ मध्ये त्याने आधी भिंगे आणून लांबलचक नळ्यांच्या दुर्बिणी जुळवल्या. त्या हाताळताना नाकी नऊ आले. मग दोन फुटी परावर्ती दुर्बीण भाड्याने घेतली. ती आवडली, पण लहान पडू लागली. मोठ्या आरशाची चौकशी केली, तर किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची. योगायोगाने बाथमध्येच आरसे घासण्याचा छंद असलेला एक गृहस्थ आपले सगळे साहित्य विकायला निघाला होता. हर्शेलने ते विकत घेतले. म्हणजे त्याने दुर्बीण विकत घेतली नाही, दुर्बीण बनवण्याची हत्यारे घेतली!

त्या काळी आरसा काचेचा नसे. तांबे आणि कथील यांचा ठिसूळ, पांढुरका मिश्रधातू ओतून त्याची तबकडी करायची, ती घासून अंतर्गोल करायची आणि मग पॉलिश. हा धातू पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम साठ-पासष्ट टक्केच परत पाठवी आणि हवेने काळवंडे, की पुन्हा पॉलिश. आज हौशी माणसे काचेची तबकडी कार्बोरंडमच्या पुडीने घासतात आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. मी स्वतः असा सहा इंची आरसा घासला आहे. एका काचेवर दुसरी काच, पुढे-मागे, आणि दर काही फेऱ्यांनी स्वतः टेबलाभोवती एक पाऊल सरकायचे. काम कंटाळवाणे, पण शेवटची अचूकता लागते ती केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. ती साध्या हातांनी साधते, यावर करून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

हर्शेलच्या घराचा मात्र कारखाना झाला. दिवाणखान्यात सुतार, झोपण्याच्या खोलीत भाऊ अलेक्झांडरचे लेथ. एका आरशाचे पॉलिश चालू असताना हर्शेलने सलग सोळा तास हात उचलला नव्हता. कॅरोलाइन त्याला घास भरवी, कंटाळा येऊ नये म्हणून डॉन क्विक्झोट किंवा अरबी कथा वाचून दाखवी. १७८१ च्या ऑगस्टमध्ये तळघरात तीन फूट व्यासाचा आरसा ओतायचा घाट घातला. साच्यासाठी लागणारी घोड्याची लीद कॅरोलाइनने कुटली, चाळली. पहिल्या खेपेला साचा गळला. दुसऱ्या खेपेला भट्टीच फुटली, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि दगडाच्या चिपा तडतडत छतापर्यंत उडाल्या. सगळे जीव घेऊन पळाले. घरी दुर्बीण बनवण्याचे हे दुसरे रूपही सांगायला हवे.

मग ह्या साऱ्या खटाटोपाचा फायदा काय? उत्तर त्या मार्चच्या रात्रीत आहे. युरेनस त्याआधीही अनेकांनी पाहिला होता. ग्रिनिचच्या फ्लॅमस्टीडने १६९० मध्येच तो तारा म्हणून नोंदवून ठेवला होता. हर्शेलच्या सात फुटी दुर्बिणीचा आरसा होता फक्त सहा इंचांच्या थोडा वर. पण त्यात त्याला तो ठिपका इतर ताऱ्यांपेक्षा वेगळा वाटला. त्याने भिंग बदलून वर्धन २२७ वरून ४६० आणि ९३२ वर नेले. ठिपका मोठा होत गेला. शेजारचे तारे तसे झाले नाहीत. तारा इतका दूर असतो की त्याची तबकडी दिसत नाही, ग्रहाची दिसते. वाईट आरशात मात्र तारेही फुगून तबकडीसारखे दिसतात. आपला आरसा खोटे बोलत नाही हे हर्शेलला ठाऊक होते, कारण त्याचा इंच न् इंच त्याने घासला होता. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. पुढे गणितज्ञांनी कक्षा काढून तो ग्रहच असल्याचे दाखवले. १७८२ मध्ये ग्रिनिचला तुलना झाली, तेव्हा बाथच्या ऑर्गनवादकाची दुर्बीण राजवेधशाळेतल्या दुर्बिणींपेक्षा सरस ठरली.

राजा तिसरा जॉर्ज याने वर्षाला २०० पौंड दिले. संगीताच्या कमाईपेक्षा हे कमीच होते, पण आता रात्र मोकळी होती. उरलेला खर्च भागवायला हर्शेल दुर्बिणी विकू लागला. म्हणजे बनवणाऱ्यानेच विकत घेणाऱ्यांची सोय केली! पुढे राजाकडून ४००० पौंड घेऊन त्याने चाळीस फुटी दुर्बीण उभारली. १७८९ मध्ये तिचा चार फुटी आरसा आकाशाकडे लागला. दूरदूरचे पाहुणे ती पाहायला येत. पण ते धूड हलवणे अवघड, आरसा वारंवार काळवंडणारा. हर्शेलचे खरे काम झाले ते वीस फुटी दुर्बिणीवर. तिच्याच बळावर त्याने सुमारे २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले. तो शिडीवरून सांगे, आणि कॅरोलाइन खिडकीशी बसून लिहून घेई.

या कहाणीत मला अस्वस्थ करणारी गोष्ट कॅरोलाइनचीच आहे. ती चांगली गायिका झाली होती, बर्मिंगहॅमहून गाण्याचे निमंत्रणही आले होते. भावाच्या वेडापायी ते सारे सुटले. त्याने तिच्यासाठी एक छोटी दुर्बीण बनवून दिली. तिने त्या दुर्बिणीतून १ ऑगस्ट १७८६ रोजी पहिला धूमकेतू शोधला. एकूण आठ तिच्या नावावर आहेत. १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड मिळू लागले. तिच्या हयातभराच्या कष्टांतली स्वतःची अशी ती पहिली कमाई. हर्शेल २५ ऑगस्ट १८२२ रोजी गेला, कॅरोलाइन १८४८ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी.

तेव्हा पालकांनो, घरात पाहण्याची ओढ असेल पण वेळ नसेल, तर चांगली लहान दुर्बीण खुशाल विकत घ्या. तिच्यातूनही शनीची कडी दिसतात आणि तो आनंद उसना नसतो. पण मुलाला ती कशी चालते हे कळायलाच हवे असेल, तर महिना-दोन महिने काच घासू द्या. फक्त एक पथ्य पाळा. त्या वेळी घास भरवणारे आणि लीद चाळणारे हात नेहमी एकाच व्यक्तीचे नसावेत.