मज्जातंतूंचा वेग मोजणारे हेल्महोल्ट्झ

पायाला चटका बसताच माणूस पाय मागे घेतो. या दोहोंमध्ये जाणारा वेळ मोजता येईल, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फारसे कोणी मानत नव्हते. बर्लिनचे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी तर त्याचे साधन माणसाच्या हाती बहुधा कधीच येणार नाही, असे लिहून ठेवले होते. त्यांचे हे मत खोटे ठरवले ते त्यांच्याच शिष्याने, हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. ओढा भौतिकशास्त्राकडे होता. पण शाळाशिक्षक असलेल्या वडिलांना तो खर्च पेलणारा नव्हता. लष्करात डॉक्टर म्हणून सेवा करण्याच्या अटीवर बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण विनामूल्य मिळत असे. तो मार्ग त्यांनी पत्करला. लष्करी नोकरीत असतानाच, १८४७ मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील निबंध सिद्ध केला. आज पायाभूत मानला जाणारा हा निबंध त्या वेळच्या अग्रगण्य भौतिकी नियतकालिकाने नाकारला होता!

१८४९ मध्ये कोनिग्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि त्याच वर्षी ओल्गा यांच्याशी विवाह झाला. मज्जातंतूंचे प्रयोग याच सुमाराचे. बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू त्यांनी घेतला. तंतूला विजेचा झटका देताच दुसऱ्या एका मंडलात प्रवाह सुरू होई आणि स्नायूने आकुंचन पावून वजन उचलताच तो खंडित होई. प्रवाह किती काळ वाहिला, हे चुंबकसूचीच्या विचलनावरून कळे. मग झटका स्नायूपासून दूर आणि जवळ अशा दोन ठिकाणी देऊन त्यांनी दोन्ही वेळांतील फरक काढला. त्यामुळे स्नायूला आकुंचनास लागणारा वेळ आपोआप वजा झाला. सारी खुबी यातच होती. उरलेला फरक जेमतेम सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशाएवढा. निरीक्षणांची नोंद ठेवायला ओल्गा शेजारी असत. वेग निघाला सेकंदाला सुमारे २५ ते ४० मीटर. ध्वनीचा हवेतील वेगही याच्या आठपटींहून अधिक आहे.

जानेवारी १८५० मध्ये त्यांनी अहवाल बर्लिनला धाडला. तो इतका त्रोटक होता, की मित्र एमिल द्यु ब्वा-रेमों यांना तो इतरांस कळेल असा करावा लागला. तत्त्वज्ञानात रमणाऱ्या वडिलांची अडचण निराळी होती. इच्छा आणि कृती यांत अंतर पडते, ही कल्पनाच त्यांना रुचेना. मुलाने पुढे व्याख्यानात देवमाशाचे उदाहरण दिले: शेपटीला झालेली इजा मेंदूला कळण्यातच त्याचा सुमारे एक सेकंद जावा!

यानंतर नेत्रपटल पाहण्याचे उपकरण, ध्वनी आणि दृष्टीवरील ग्रंथ, बर्लिनमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद अशी त्यांची कारकीर्द बहरत गेली. ओल्गा मात्र १८५९ मध्येच निवर्तल्या. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ यांचे निधन झाले.

तंतूतून नेमके काय धावते, याचा उलगडा त्यांच्या हयातीत झाला नाही. त्यांचे एकेकाळचे सहायक युलियस बर्नस्टाइन यांनी १९०२ मध्ये तंतूच्या पटलाकडे बोट दाखवले. पुढे १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सले यांनी माकुळाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून सोडियमचे आयन आत आणि पोटॅशियमचे बाहेर, अशी ही लाट पुढे सरकते, हे दाखवून दिले. माणसाच्या सर्वांत वेगवान तंतूंत ती सेकंदाला सुमारे १२० मीटरपर्यंत धावते.