टेनर गायक रोलंड हेज

पाश्चात्त्य संगीतांत पुरुषाच्या उंच पट्टीच्या आवाजास टेनर अशी संज्ञा आहे. अशा आवाजाचे नामांकित गवई युरोपांत पुष्कळ होऊन गेले. परंतु ज्यास गाण्यापूर्वीं रंगमंचावर उभें राहण्याचा अधिकारच मिळवावा लागला, अशा एका गायकाचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

रोलंड हेज ह्यांचा जन्म अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत, करीव्हिल ह्या खेड्यांत, ३ जून १८८७ रोजीं झाला. त्यांची आई फॅनी ही पूर्वीं गुलाम होती. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली, तरी कृष्णवर्णीयांची मानहानि संपली नव्हती. रोलंड लहान असतांनाच वडील वारले. आई मुलांस घेऊन चॅटानूगा शहरीं गेली. तेथें शाळा सोडून रोलंडला लोखंडाच्या ओतशाळेंत मजुरी करावी लागली. एकदां तर यंत्राच्या पट्ट्यांत सांपडून तो मरतां मरतां वांचला.

अशा दिवसांत आर्थर कॅल्हून नांवाच्या शिक्षकानें त्यास कारूसो ह्या इटालियन टेनरच्या ध्वनिमुद्रिका ऐकविल्या. आपणही असेंच गावें, हा ध्यास रोलंडनें तेव्हांच घेतला. गाण्यावर कृष्णवर्णीय मनुष्याचें पोट भरणार नाहीं, असें त्याच्या आईस वाटे; आणि तिचें भय निराधार नव्हतें.

१९०५ सालीं तो नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयांत दाखल झाला. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठीं मिशनरी मंडळींनीं तें १८६६ मध्यें उघडिलें होतें. तेथील गायकवृंदाबरोबर १९११ सालीं हेज बोस्टनला गेले व तेथेंच राहिले. एका विमा कंपनींत निरोप्याचें काम करून त्यांनीं आईस आपल्याजवळ आणिलें. आर्थर हबर्ड ह्या गुरूंनीं त्यांस शिकविण्याचें मान्य केलें, पण गोऱ्या शिष्यांच्या दृष्टीस ते पडूं नयेत म्हणून धडे स्वतःच्या घरीं दिले. हेज ह्यांनीं अपमान गिळला. विद्या मात्र सोडली नाहीं.

त्यांच्या जलशांची जबाबदारी घेण्यास कोणी व्यवस्थापक मिळेना. तेव्हां १९१७ सालीं त्यांनीं स्वतःच बोस्टनचें सिंफनी हॉल भाड्यानें घेतलें, आणि तें श्रोत्यांनीं भरून गेलें. १९२० सालीं ते लंडनला गेले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं बादशहा पंचम जॉर्ज ह्यांच्यासमोर गायन केलें.

खरी कसोटी १९२४ सालीं बर्लिन येथें लागली. ऱ्हाईन प्रांतांत फ्रान्सनें कृष्णवर्णीय सैनिक ठेविले होते, त्यामुळें जर्मन लोक संतप्त होते. हेज रंगमंचावर येतांच सभागृहांत तिरस्काराचा गलका उठला. ते स्तब्ध उभे राहिले. बऱ्याच वेळानें गोंगाट शमला. तेव्हां त्यांनीं शूबर्ट ह्या संगीतकाराचें शांतिविषयक गीत अगदीं हळुवार स्वरांत आरंभिलें. तें संपतांच त्याच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. अशा जलशांतून ते युरोपीय गीतांबरोबर आपल्या गुलाम पूर्वजांचीं भक्तिगीतेंही तितक्याच आदरानें गात. आई जेथें गुलाम म्हणून राबली, तो मळाही पुढें त्यांनीं विकत घेतला.

तथापि कीर्तीनें सर्व दरवाजे उघडले नाहींत. १९४२ सालीं जॉर्जियांतील रोम शहरीं, जोड्यांच्या दुकानांत गोऱ्यांसाठीं राखलेल्या जागीं त्यांची पत्नी व कन्या बसल्या. त्यावरून तंटा होऊन ह्या जगद्विख्यात गायकास पोलिसांचा मार खावा लागला. त्यानंतरही ते गात राहिले, शिकवीत राहिले. १ जानेवारी १९७७ रोजीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, बोस्टन येथें त्यांचें देहावसान झालें.

गुणवान् मनुष्यास जग आपोआप मान देतें, असें हें चरित्र सांगत नाहीं. अन्याय करणाऱ्यापुढें ताठ उभें राहावें, आणि आपली पाळी येईल तेव्हां आपलें काम उत्तम करून दाखवावें, एवढें तें सांगतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही शिकवण मनांत धरावी. आणि अपमान सोसून शिकणारें एखादें मूल आपल्याच वर्गांत बसलेलें नाहीं ना, हेंही पाहावें, अशी आमची विनंति आहे.