नवाब सालारजंग आणि त्यांचा संग्रह

दागिन्यांची हौस आपणा बायकांनाच असते, असा पुरुषमंडळींचा आपल्यावर नेहमीचा आरोप. हैदराबादचे नवाब सालारजंग यांचे चरित्र वाचले की तो आरोप आपोआप गळून पडतो.

मीर यूसुफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. महिना होतो न होतो तोच त्यांचे वडील वारले. आजोबा पहिले सालारजंग हे १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे निजामाचे दिवाण होते. संस्थानात जिल्हाबंदी त्यांनीच केली. तीर्थपुरीसह आपला सारा मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता, आणि अजिंठा गाव तर सालारजंगांच्या जहागिरीतलेच. वस्तू जमविण्याचा नादही घराण्यातलाच. संगमरवरी ओल्या पदराआडून चेहरा दिसावा अशी रिबेकेची प्रसिद्ध मूर्ती आजोबांनी १८७६ साली इटलीहून आणली होती.

ऐन तेविशीत, १९१२ साली, नातवाच्या हाती दिवाणगिरी आली. पण १९१४ साली ती त्यांनी सोडली. पुढची पस्तीस वर्षे हा गृहस्थ संग्रहात रमला. लग्न केले नाही. दिवाण देवडी या त्यांच्या वाड्यावर देशोदेशीचे व्यापारी येत, ते स्वतःही परदेशी जाऊन खरेदी करीत. चित्रे, हस्तलिखिते, घड्याळे, हस्तिदंत, पोलाद, कशालाच ना नव्हती.

त्यात चीनच्या वस्तूंचे त्यांना मोठे प्रेम. चिनी मातीची निळी-पांढरी भांडी, लाखेचे काम, तपकिरीच्या चिमुकल्या नक्षीदार कुप्या, आणि सेलाडॉनची हिरवट भांडी. विषारी अन्न वाढले तर सेलाडॉनचे भांडे तडकते किंवा रंग बदलते, अशी पूर्वी समजूत होती; म्हणून राजेरजवाडे ती मुद्दाम बाळगीत.

पण खरे रत्न म्हणजे जेड. उर्दूत याला संगेयशब म्हणतात. चीनमध्ये सोन्याहूनही याचा मान मोठा. आपल्याकडे हिरवा चुडा, तशी तिकडच्या बायकांच्या हाती जेडची बांगडी. अखंड दगडातून काढलेली, कुठे सांधा नाही. हा दगड इतका चिवट की पोलादी हत्याराने कोरता येत नाही. कठीण वाळू आणि पाणी यांनी तो दिवसेंदिवस झिजवावा लागतो. एका लहानशा वस्तूत कारागिराचे महिनेच्या महिने जात. सालारजंगांनी चिनी जेडबरोबर मोगलांचे जेडही मिळविले. बादशहा जहांगीराचा खंजीर, नूरजहानची रत्नजडित सुरी आणि शहाजहानची तिरंदाजीची अंगठी या संग्रहात आहेत.

२ मार्च १९४९ रोजी ते निवर्तले. पोटी मूलबाळ नाही, वाड्यात चाळीस हजारांहून अधिक वस्तू. वाटण्या होऊन सारे विखुरले असते तर नवल नव्हते. किती घरांतले सोने असे एका पिढीत दिसेनासे होते, हे आपण जाणतोच! पण येथे तसे झाले नाही. सरकारने लक्ष घातले, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय उघडले. पुढे १९५८ साली न्यायालयात तडजोड होऊन वारसांनी संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. १९६१ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले, आणि १९६८ साली तो मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेला.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हा सारा पैसा जहागिरीचा, म्हणजे रयतेच्या साऱ्याचा. त्यात मराठवाड्यातल्या कुणबिणीच्या निढळाचा घामही होता. जिच्या कष्टांतून ही रत्ने आली, तिला ती पाहायला कधी मिळाली नव्हती. आज तिची नातपणती तिकीट काढून नूरजहानच्या सुरीपुढे उभी राहू शकते. नवाबांच्या रसिकतेला मान द्यावा, आणि वाटणीचा हट्ट सोडणाऱ्या वारसांनाही द्यावा.

भगिनींनो, हैदराबादला कधी जाणे झाले तर चारमिनारच्या बांगड्यांबरोबर हे संग्रहालयही पाहावे. पेटीतला दागिना एकीचा असतो. तेथला दागिना आपणा सर्वांचा आहे.