अंगठ्याला फुटबॉलची जखम वाटली, निघाला दुर्मिळ कॅन्सर. बॉब मार्लेने उपचार कुठे आणि कसे घेतले?

बॉब मार्लेचा फोटो असलेला टीशर्ट कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास दिसतो. तो गेला कशाने असं विचारलं, की अंदाज थेट ड्रग्जपर्यंत जातो. खरं कारण मात्र त्याच्या पायाच्या अंगठ्यात होतं.

६ फेब्रुवारी १९४५ ला जमैकातल्या नाईन माईल गावात जन्मलेल्या बॉबचं गाण्याएवढंच प्रेम फुटबॉलवर. १९७७ मध्ये 'एक्झोडस' अल्बमचा युरोप दौरा सुरू होता. तेव्हा खेळताना उजव्या अंगठ्याला मार लागला. जखम काही भरेना. तपासणीत कळलं, की नखाखाली मेलानोमा आहे, म्हणजे त्वचेचा कॅन्सर.

इथे एक गैरसमज दूर करू. हा कॅन्सर फुटबॉलच्या माराने झाला नव्हता. मारामुळे फक्त तिकडे लक्ष गेलं. तळहात, तळपाय आणि नखाखाली होणाऱ्या या प्रकाराला अॅक्रल मेलानोमा म्हणतात. त्याचा उन्हाशी संबंध नसतो, त्यामुळे सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांनाही तो होतो.

डॉक्टरांनी अंगठा कापायचा सल्ला दिला. बॉब रास्ताफारी पंथाचा. शरीर अखंड ठेवावं ही त्याची श्रद्धा. त्यात स्टेजवर नाचणं आणि फुटबॉलही होतंच.

त्याने अमेरिकेत मायामीला जाऊन दुसरं मत घेतलं. तिथे अंगठा वाचवणारा मार्ग मिळाला. खराब भाग काढून त्यावर मांडीची कातडी लावली. अमेरिकेचा दौरा रद्द झाला, पण बॉब पुन्हा उभा राहिला.

पुढची तीन वर्षं धावपळीत गेली. एप्रिल १९८० मध्ये तो झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्य सोहळ्यात गायला. जूनमध्ये मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर त्याला ऐकायला सुमारे लाखभर लोक आले.

सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जॉगिंग करताना तो कोसळला. कॅन्सर मेंदूपर्यंत पोचला होता. तरीही दोनच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, तो पिट्सबर्गमध्ये गायला. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम.

मग पुन्हा तोच प्रश्न, जायचं कुठे? न्यूयॉर्कच्या नामांकित स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, पण बरं होण्याची आशा उरली नव्हती. शेवटी त्याने जर्मनीतल्या बव्हेरियात डॉ. जोसेफ इसेल्स यांचं क्लिनिक गाठलं. आहार आणि प्रतिकारशक्तीवर भर देणारी त्यांची पद्धत वादग्रस्त होती. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ती सिद्ध न झालेल्या उपचारांच्या यादीत टाकली होती. बॉब तिथे काही महिने राहिला. छत्तिसावा वाढदिवसही तिथल्याच थंडीत गेला.

मे १९८१ मध्ये तो जमैकाला परत निघाला, पण वाटेत तब्येत ढासळली. ११ मे रोजी मायामीच्या हॉस्पिटलमध्ये त्याचं निधन झालं.

अंगठा कापला असता तर तो वाचला असता का? छातीठोकपणे सांगता येत नाही. कॅन्सर आधीच पसरायला लागला असेलही. पण एक नक्की. जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा त्याच्या हातात फारसे पर्याय नव्हते, १९७७ मध्ये होते. दुसरं मत घेणं चुकीचं नाही, उलट दुर्मिळ आजारात ते घ्यायलाच हवं. फक्त तिथे विचारावं, की यात कॅन्सर पूर्ण निघेल का, आणि पुढची तपासणी कधी?

आणि हो, नखाखाली काळी रेघ रुंद होत असेल किंवा जखम भरत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.